अमेरिकेतील कामगारवर्ग आणि वंशभेद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील श्रमिकांची वर्गजाणीव आणि त्यांच्यातील वांशिक फूट यांचा इतिहास एकच आहे. सतराव्या शतकातील तंबाखूच्या मळ्यांपासून आजच्या मोटार कारखान्यांपर्यंत काम कोणते मिळणार, मजुरी किती, युनियनमध्ये प्रवेश कोणाला आणि घर कोणत्या वस्तीत, हे फार मोठ्या प्रमाणात कातडीच्या रंगावर ठरत आले. या फुटीची दोन सोपी स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात. एक म्हणते, मालकांनी ती मुद्दाम पाडली. दुसरे म्हणते, गोऱ्या कामगारांच्या अज्ञानातून ती आली. दोन्हींत तथ्य आहे, पण तेवढ्याने तिचा चिवटपणा उलगडत नाही. कायदे, भरतीच्या पद्धती आणि ज्येष्ठतेच्या याद्या यांतून ती रोजच्या कामात रुजवली गेली. गोऱ्या कामगाराला तिच्यातून मिळणारा लाभ लहान होता, तरी खरा होता.

व्हर्जिनियात आफ्रिकी माणसे १६१९ मध्ये आणली गेली. मात्र पुढची काही दशके मळ्यांवर राबणाऱ्यांत इंग्लंडहून ठरावीक वर्षांचा करार लिहून आलेले गरीब गोरेच अधिक होते. नॅथॅनियल बेकन या जमीनदाराच्या १६७६ मधील बंडात असे गोरे बंधनमजूर आणि काळे गुलाम बरोबरीने लढले आणि वसाहतीची राजधानी जेम्सटाउन जाळली गेली. हे बंड मूळनिवासी जमातींविरुद्धच्या लढाईतून पेटले होते, म्हणून त्याला श्रमिकांच्या ऐक्याचा निर्मळ दाखला मानता येत नाही. तरीही मळेवाल्यांनी त्यातून धडा घेतला. १७०५ च्या कायद्याने करार संपलेल्या गोऱ्या नोकराला धान्य, पैसे आणि बंदूक देण्याचे बंधन मालकावर घातले. त्याच कायद्यात गोऱ्यावर हात उचलणाऱ्या काळ्या माणसाला, तो गुलाम असो वा स्वतंत्र, फटक्यांची शिक्षा होती. दोघेही त्याच मातीत राबत होते. कायद्याने त्यांतल्या एकाला दुसऱ्याच्या वर बसवले. स्वातंत्र्यानंतर १७९० च्या कायद्याने स्थलांतरितांपैकी फक्त मुक्त गोऱ्यांनाच नागरिकत्व मिळण्याची तरतूद केली.

उत्तरेकडच्या शहरांत ही विभागणी गोदीत आणि बांधकामावर दिसू लागली. दुष्काळातून जीव वाचवून आलेले आयरिश आणि तेथे आधीपासून राहणारे स्वतंत्र काळे मजूर एकाच कामासाठी रांगेत उभे राहत. यादवी युद्धात सक्तीची लष्करभरती आली, पण ३०० डॉलर भरणाऱ्याला तिच्यातून सूट होती. ही रक्कम साध्या मजुराच्या आवाक्याबाहेरची होती. जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उसळलेला उद्रेक श्रीमंतांच्या या सवलतीविरुद्ध सुरू झाला आणि बघता बघता काळ्या शेजाऱ्यांवर उलटला. फिफ्थ ॲव्हेन्यूवरील काळ्या मुलांचे अनाथालय जाळण्यात आले आणि काळ्या माणसांना रस्त्यांत फाशी दिले गेले. खऱ्या वर्गीय अन्यायाची चीड सर्वांत दुबळ्या श्रमिकावर कशी निघते, हे या चार दिवसांइतके उघडपणे क्वचितच दिसले असेल.

या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ या ग्रंथात केला. दक्षिणेतील गोऱ्या मजुराला पैशांत कमी मजुरी मिळे, पण तिच्या जोडीला मान आणि मानसिक समाधान यांचे एक वेगळे वेतन मिळे, असे त्यांनी दाखवले. मत, शाळा, न्यायालयातली सहानुभूती, पोलिसांतली नोकरी आणि रस्त्यावरची अदब हे सारे त्या वेतनात येई. हाच धागा पुढे नेत डेव्हिड रोडिगर (१९९१) यांनी गोरेपण ही ओळख एकोणिसाव्या शतकातील कामगारांनी स्वतःही घडवली असे मांडले. थिओडोर ॲलन यांनी तिची मुळे व्हर्जिनियाच्या मळ्यांत शोधली, तर नोएल इग्नातिएव्ह यांनी आयरिशांच्या इतिहासात. एरिक आर्नेसन यांच्यासारख्या इतिहासकारांचा २००१ मधील आक्षेप असा की, ही संकल्पना फार सैल वापरली जाते आणि पुराव्याची जागा तर्क घेतो. आक्षेपात वजन आहे. परंतु द्यू बॉइस यांचे मूळ निरीक्षण त्याने ढळत नाही, कारण ते मतदार याद्यांशी, शाळांशी आणि वेतनपत्रकांशी बांधलेले आहे.

संघटित कामगार चळवळीचा इतिहास या बाबतीत दुहेरी आहे. फिलाडेल्फियात १८६९ मध्ये स्थापन झालेल्या ‘नाइट्स ऑफ लेबर’ने काळ्या कामगारांना सदस्यत्व दिले. तिची सदस्यसंख्या १८८६ मध्ये सुमारे ७ लाखांवर गेली आणि त्या वर्षीच्या रिचमंड अधिवेशनात फ्रँक फेरेल हे काळे प्रतिनिधी व्यासपीठावर आले तेव्हा शहरातले गोरे संतापले. पण हीच संघटना चिनी मजुरांना देशातून हाकला म्हणणाऱ्यांत पुढे होती. चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा १८८२ मध्ये झाला आणि तो १९४३ पर्यंत टिकला. वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्स येथे १८८५ मध्ये गोऱ्या खाणकामगारांनी २८ चिनी खाणकामगारांना ठार मारले. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावी लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या भारतीयांना, मुख्यतः पंजाबी शिखांना, गोऱ्या जमावाने घरांतून ओढून गावाबाहेर काढले. ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर’ने (१८८६) कुशल कारागिरांच्या संघांवर भर दिला. त्यांतले कित्येक संघ काळ्यांना दार बंद ठेवत किंवा त्यांची वेगळी दुय्यम शाखा काढत.

खाणींत चित्र निराळे होते. जमिनीखाली सगळ्यांचा जीव सारखाच धोक्यात असे आणि काळ्यांना वगळून संप टिकणे शक्य नव्हते. ‘युनायटेड माइन वर्कर्स’ने भेदभावाला घटनेतच मनाई केली होती. ओहायोतील रिचर्ड डेव्हिस हे काळे खाणकामगार १८९० च्या दशकात तिच्या राष्ट्रीय कार्यकारिणीवर निवडून आले. अलाबामात १९०८ च्या संपात घराबाहेर काढलेली गोरी-काळी कुटुंबे तंबूंत शेजारी शेजारी राहू लागली, तेव्हा गव्हर्नर ब्रॅक्स्टन कोमर यांनी सैनिक पाठवून ते तंबू तोडायला लावले. मजुरीच्या मागणीपेक्षा तंबूंची ती सरमिसळ राज्यकर्त्यांना अधिक धोकादायक वाटली. अलाबामात सरकार कैदी खाणमालकांना भाड्याने देई. हे कैदी बहुतांशी काळे असत आणि ही प्रथा १९२८ पर्यंत चालली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात दक्षिणेतून लाखो काळी कुटुंबे उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाली. युनियनने ज्यांना कधी घेतले नाही त्यांनी तिचा संप पाळावा कशासाठी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मालक त्यांना संपफोडे म्हणून आणत आणि गोरे कामगार त्यांनाच शत्रू ठरवत. ईस्ट सेंट लुइस येथे जुलै १९१७ मध्ये झालेल्या हत्याकांडाला असाच मोडलेला संप आणि युनियन पुढाऱ्यांची चिथावणी कारण झाली. अधिकृत आकड्यांनुसार ३९ काळे आणि ९ गोरे मेले. काळ्यांचा खरा आकडा याहून बराच मोठा असल्याचे मानले जाते. शिकागोच्या १९१९ च्या दंगलीत ३८ जण मेले, तर त्याच वर्षीच्या पोलाद संपाच्या अपयशात काळ्या संपफोड्यांचा वाटा होता.

शिकागोचे कत्तलखाने या इतिहासात विशेष लक्ष देण्याजोगे आहेत, कारण त्याच शहरात, त्याच धंद्यात फूटही पडली आणि ती बुजवलीही गेली. १९०४ आणि १९२१–२२ चे संप गोऱ्या-काळ्यांच्या दरीतच बुडाले. १९३७ पासून ‘काँग्रेस ऑफ इंडस्ट्रियल ऑर्गनायझेशन्स’च्या (सीआयओ) पुढाकाराने तेथे नव्याने बांधणी सुरू झाली. जनावरे मारण्याच्या खात्यात काळे कामगार बहुसंख्य होते. तेथे काम थांबले की पुढची सर्व खाती तासाभरात रिकामी बसत. ही ताकद पोलिश आणि लिथुआनियन सहकाऱ्यांनी ओळखली. पट्ट्याचा वेग, मुकादमाची मनमानी, गोठवणाऱ्या खोलीतली थंडी अशा रोजच्या तक्रारींवर खाते-प्रतिनिधी एकत्र लढले आणि त्या लढाईत विश्वास तयार झाला. या बांधणीतून उभ्या राहिलेल्या ‘युनायटेड पॅकिंगहाउस वर्कर्स’ या संघटनेने कारखान्यातील वेगळ्या कपडेखोल्या बंद करवल्या, आसपासच्या खानावळींतील भेदभावाविरुद्ध मोहीम काढली आणि पुढे नागरी हक्क चळवळीला पैसा दिला. नुसता ऐक्याचा ठराव मंजूर झाल्याने यातले काहीही घडले नसते.

सर्वत्र असे झाले नाही. डेट्रॉइटच्या पॅकार्ड कारखान्यात जून १९४३ मध्ये तीन काळ्या कामगारांना बढती मिळाली म्हणून सुमारे २५,००० गोरे कामगार काम सोडून बाहेर पडले. त्यांच्या स्वतःच्या मोटार कामगार युनियनच्या नेतृत्वाने या संपाला विरोध केला, हेही नोंदवले पाहिजे. त्याच महिन्यात शहरात दंगल होऊन ३४ माणसे मेली. फिलाडेल्फियात ऑगस्ट १९४४ मध्ये आठ काळ्या कर्मचाऱ्यांना ट्राम चालवण्याचे प्रशिक्षण दिल्यावर गोऱ्या चालकांनी वाहतूक बंद पाडली. युद्धकाळ असल्याने रूझवेल्ट सरकारने सैन्य आणून ती सुरू केली.

कायद्याने हक्क दिले तेव्हाही फट ठेवली गेली. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने संघटनेचा हक्क दिला आणि त्याच वर्षी सामाजिक सुरक्षा कायद्याने निवृत्तिवेतन आणले. दोन्हींतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते. दक्षिणेत काळे पुरुष आणि स्त्रिया मोठ्या संख्येने हीच कामे करत; त्यामुळे कायद्यात वंशाचा उल्लेख नसतानाही परिणाम वांशिक झाला. या कोंडीवर बाहेरून दाब आणण्याचे काम ए. फिलिप रँडॉल्फ यांनी केले. १९२५ मध्ये त्यांनी रेल्वेच्या शयनयानांतील काळ्या सेवकांची युनियन उभारली आणि १९३७ मध्ये पुलमन कंपनीला करार करायला लावला. १९४१ मध्ये वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची घोषणा करून त्यांनी संरक्षण उद्योगांतील भेदभावास मनाई करणारा आदेशही मिळवला.

पोलाद कारखान्यांत भेदभाव ज्येष्ठतेच्या यादीत दडला होता. काळ्यांना कोक भट्टीसारख्या उष्ण, विषारी धुराच्या खात्यांत घेत. ज्येष्ठता खात्यापुरती मोजली जाई. वीस वर्षे काम केलेला माणूस चांगल्या खात्यात गेला तर तळापासून सुरुवात करी आणि मंदी आली की पहिला बाहेर पडे. नियमाच्या शब्दांत रंगाचा उल्लेख नव्हता आणि त्यावर युनियनचीही सही होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे चाललेल्या खटल्यांनंतर १९७४ मध्ये नऊ कंपन्या आणि युनियन यांनी संपूर्ण कारखान्याची एकच ज्येष्ठता मान्य केली. सप्टेंबर १९७७ मध्ये यंग्सटाउनचा मोठा पोलाद कारखाना बंद पडला आणि पाठोपाठ इतर गेले. दरवाजा उघडला तेव्हा घरच मोडकळीस आले होते.

मेंफिस येथे १ फेब्रुवारी १९६८ रोजी कचरागाडीच्या यंत्रात चिरडून एकॉल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे सफाई कामगार मेले. त्यानंतर सुमारे १,३०० काळ्या सफाई कामगारांनी संप केला. आपणही माणूस आहोत एवढेच सांगणारे फलक त्यांनी हाती घेतले. मजुरी आणि प्रतिष्ठा या मागण्या तेथे एकमेकींपासून वेगळ्या काढणे अशक्य होते. या संपाच्या पाठिंब्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल रोजी हत्या झाली. अखेर नगरपालिकेने युनियनला मान्यता दिली.

महाराष्ट्राचा या विषयाशी जुना संबंध आहे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेतले जात नसल्याचा प्रश्न पुढाऱ्यांसमोर मांडला. धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगार विटाळाचे कारण सांगत. अधिक मजुरीच्या खात्याला घातलेले हे कुंपण पोलाद कारखान्यांतील कुंपणाच्या फार जवळचे आहे. श्रमिकांतली ही उतरंड मोडल्याशिवाय नुसत्या आर्थिक लढ्याने ऐक्य साधणार नाही, ही आंबेडकरांची भूमिका होती. १९४६ मध्ये त्यांनी द्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्या अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागवली.

१९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील सुमारे एक तृतीयांश कामगार युनियनमध्ये होते. २०२४ मध्ये हे प्रमाण ९.९ टक्के झाले. काळ्या कामगारांत ते गोऱ्यांपेक्षा अधिक आहे. २०१६ च्या निवडणुकीनंतर ‘गोरा कामगारवर्ग’ हा राजकीय चर्चेचा ठरीव शब्दप्रयोग झाला. तो दिशाभूल करणारा आहे, कारण रुग्णसेवा, गोदामे, हॉटेले आणि शेती यांत राबणाऱ्यांत काळे, लॅटिनो, आशियाई आणि स्थलांतरित स्त्रियांचा वाटा मोठा आहे. टेनेसीतील चॅटानूगाच्या फोक्सवॅगन कारखान्यात एप्रिल २०२४ मध्ये कामगारांनी मोठ्या बहुमताने मोटार कामगार युनियन निवडली. पुढच्याच महिन्यात अलाबामातील मर्सिडीझ कारखान्यात तीच युनियन मतदान हरली.