मुठीकडून पुढे केलेली तलवार

राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ४ जून २००२ रोजी सेंट पॉल कॅथीड्रलकडे निघालेली राणी दुसरी एलिझाबेथ यांची सोनेरी बग्गी वाटेत टेंपल बार येथे थांबली. स्ट्रँड हा रस्ता संपून फ्लीट स्ट्रीट सुरू होतो तिथे वेस्टमिन्स्टरची हद्द संपते आणि 'सिटी' या नावाने ओळखले जाणारे, जेमतेम चौरस मैलाचे जुने लंडन सुरू होते. त्या हद्दीवर लॉर्ड मेयरने मोत्यांनी मढवलेल्या म्यानातली तलवार मुठीकडून राणीपुढे धरली. राणीने मुठीला स्पर्श करून ती परत केली आणि मिरवणूक पुढे सरकली.

या विधीचा सर्वश्रुत अर्थ असा, की सिटीत पाऊल टाकण्यासाठी प्रत्यक्ष राजालाही परवानगी मागावी लागते. अर्थ आकर्षक आहे. पण कृती नीट 'वाचली' तर ती नेमके उलट सांगते. मागणारा कोणीच नाही. मेयर आपल्या अधिकाराचे चिन्ह राजाच्या हाती सोपवतो, कारण राजासमोर दुसऱ्या कोणाचा अधिकार उरत नाही. आणि राजा ते परत देतो, म्हणजे तो अधिकार आपल्या वतीने चालू ठेवतो. मग हे चुकीचे वाचन इतके रुजले कसे? मला वाटते, त्याचे कारण विधीत नसून त्यामागच्या इतिहासात आहे.

(येथे एक खुलासा आवश्यक आहे. २००० साली निर्माण झालेले महालंडनच्या मेयरचे पद वेगळे. हा लॉर्ड मेयर फक्त सिटीचा, आणि बाराव्या शतकाच्या अखेरीपासूनचा. मराठीत आपण दोघांनाही 'महापौर' म्हणून मोकळे होतो. सावरकरांनी घडवलेल्या या शब्दातला 'पौर' म्हणजे नागरिक मात्र येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. नगरजनांमधून निवडलेला हा माणूस राजाचा नोकर नव्हे, हीच तर सगळ्या भांडणाची जड.)

दरवर्षी आपला मेयर निवडण्याचा हक्क सिटीला किंग जॉनच्या ९ मे १२१५ च्या सनदेने मिळाला. अट एकच : निवडलेल्याने राजासमोर किंवा त्याच्या न्यायाधिकाऱ्यासमोर हजर होऊन निष्ठेची शपथ घ्यावी. आजची लॉर्ड मेयरची नोव्हेंबरातली वाजतगाजत निघणारी मिरवणूक ही त्या अटीचीच संतती. सनद देण्यामागे औदार्य नव्हते. बंडखोर सरदारांविरुद्ध राजाला लंडन हाताशी हवे होते. आठच दिवसांनी, १७ मे रोजी, सरदार शहरात शिरले आणि लंडन त्यांच्या हाती गेले. पुढच्या महिन्यात मॅग्ना कार्टा झाला, त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या पंचवीस जणांत लंडनचा मेयरही होता. शपथेची शाई वाळण्याआधीच निष्ठेचा भाव ठरला होता, असे म्हणता येईल.

साहित्याच्या अभ्यासकाला अधिक रोचक वाटेल ते १३९२ साल. कर्ज नाकारणाऱ्या सिटीवर रिचर्ड दुसरा संतापला, मेयरला पदच्युत करून कैदेत टाकले, न्यायालये यॉर्कला हलवली आणि शहराचे हक्क जप्त करून त्यावर स्वतःचा अधिकारी बसवला. ऑगस्टमध्ये समेट झाला. त्या दिवसाचे वर्णन रिचर्ड ऑफ मेडस्टोन या कार्मेलाइट साधूने लॅटिन काव्यात केले आहे. त्यात शहर वधू आहे, राजा वर आहे आणि किल्ल्या व तलवार राजापुढे ठेवल्या जातात. प्रेमगीताच्या या उत्सवी भाषेत एक गोष्ट झाकली जाते : समेटाची किंमत दहा हजार पौंड होती, आणि जप्त हक्क परत मिळाले तेही राजाची मर्जी असेल तोवरच. तलवार परत देणारा हात ती ठेवूनही घेऊ शकतो, हे लंडनकरांनी त्या वर्षी अनुभवले.

शेक्सपिअरने हे देणेघेणे उलट्या बाजूने दाखवले. 'रिचर्ड तिसरा' या नाटकात बेनर्ड्स कॅसलचा प्रसंग आठवावा. दोन बिशपांच्या मधे उभा राहून रिचर्ड मुकुट नको नको म्हणतो आणि लॉर्ड मेयर नागरिकांसह त्याची विनवणी करतो. सिंहासन बळकावणाऱ्यालाही या व्यापाऱ्याचा होकार प्रेक्षकांसमोर हवा असतो. मेयर बिचारा दोन-चार ओळी बोलतो. पण त्याच्याशिवाय तो प्रवेश उभाच राहत नाही.

विधी पार पडला म्हणजे निष्ठा मिळाली, हा भ्रम चार्ल्स पहिला याला महागात पडला. २५ नोव्हेंबर १६४१ रोजी लॉर्ड मेयर रिचर्ड गर्नी यांनी त्याचे थाटात स्वागत केले. ५ जानेवारी १६४२ रोजी, संसदेतून निसटलेल्या पाच सदस्यांना मागायला तोच राजा गिल्डहॉलमध्ये आला आणि रिकाम्या हाताने परतला. वाटेत जमाव संसदेच्या हक्कांच्या घोषणा देत होता, कोणीतरी त्याच्या बग्गीत पत्रकही फेकले. मेयर राजनिष्ठ होता, शहर नव्हते. त्याच वर्षी गर्नींचे पद गेले आणि ते टॉवरच्या तुरुंगात पडले. चार्ल्स दुसरा याने १६८३ मध्ये न्यायालयामार्फत सिटीची सनदच रद्द करवली. १६९० मध्ये संसदेच्या कायद्याने ती पूर्ववत झाली.

अशा इतिहासानंतर मुठीकडून पुढे केलेल्या तलवारीत लोकांनी 'परवानगी' वाचली, तर त्यांना अडाणी कसे म्हणावे? कृतीचा शब्दार्थ राजाच्या बाजूचा आहे; तिचा ध्वन्यर्थ शहराने स्वतःच्या पैशाने विकत घेतला आहे.

जाता जाता : टेंपल बारची जुनी कमान, जी क्रिस्टोफर रेन यांच्या नावावर सांगितली जाते, वाहतुकीला अडथळा ठरल्याने १८७८ मध्ये उतरवण्यात आली आणि नंतर हर्टफर्डशरमधील एका मद्यसम्राटाच्या बागेचे प्रवेशद्वार झाली. २००४ मध्ये ती सिटीत परतली, पण सेंट पॉलच्या शेजारी, हद्दीपासून बरीच आत. २००२ मध्ये राणीची बग्गी थांबली तेव्हा ती कमान बागेतच होती. हद्दीवर होता तो १८८० सालचा चौथरा आणि त्याच्यावर बसलेला ब्राँझचा ड्रॅगन.