अर्ध्या ग्रेनची झोप

चपला घालूनच या. कालिकेच्या यात्रेला अनवाणी निघालेल्या बायकांचं ठीक आहे, त्यांना सवय आहे. तुमच्या तळपायांना १९६४ च्या ऑक्टोबरातलं नाशिकच्या मेनरोडचं तापलेलं डांबर सोसायचं नाही. नवरात्र आहे. टांगेवाला मागून ‘बाजूऽऽ’ म्हणून ओरडतोय. घोड्याची लीद, झेंडूचे ढीग आणि कढईतलं तेल, तिन्ही वास एकाच श्वासात नाकात शिरतात. अंग चोरा आणि डाव्या हाताच्या औषधाच्या दुकानात घुसा.

आत वेगळाच वास. टिंक्चर आयोडीन, कापूर, ओली बुचं. लाकडी आडोशामागे कंपाउंडर खलात काहीतरी घोटतोय. मिक्श्चरची बाटली घरूनच आणायची बरं का. तो ती विसळून भरतो आणि कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी बाहेरून डकवतो. एक खाच, एक डोस.

तुमच्यापुढे त्र्यंबकेश्वरकडची एक आजी उभी आहे. नातवाला फेफरं येतं. कांदा फोडून नाकाशी धरून झाला, देवऋषी झाला, आता डॉक्टरांची चिठ्ठी. तिच्यावर लिहिलंय फिनोबार्बिटोन, अर्धा ग्रेन, रात्री. देशात मेट्रिक मापं आली, पण डॉक्टरांचा हात अजून ग्रेनच लिहितो. अर्धा ग्रेन म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम. गोळी एवढीशी, पांढरी, चवीला कडू. डबीवर नाव गार्डिनल. १९१२ मध्ये जर्मनीच्या बायरने हेच औषध ल्युमिनल म्हणून बाजारात आणलं, आणि ते स्वस्त आहे म्हणून आजीच्या कनवटीला झेपतं. बार्बिट्युरेटांच्या खानदानातली हीच खरी कमावती लेक, असं माझं मत. बाकीच्यांनी नाव कमावलं ते बरंचसं वाईट.

“पोरगं महिनाभर पडलं नाही भाऊ, म्हणून गोळ्या थांबवल्या होत्या.”

दुकानदाराचा टाक वहीवर थबकतो. “आजी, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. एकदम तोडल्या की फिटवर फिट येते. दवाखाना गाठेपर्यंत जीव राहायचा नाही.”

“पण दिवसभर पेंगतं ते. शाळेत मास्तर मारतात.”

यावर त्याच्याकडे उत्तर नाही. तो मान खाली घालून वहीत उतरवून घेतो: तारीख, डॉक्टरांचं नाव, रोग्याचं नाव, औषध, किती. मग चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का, धप्पकन. १९४० च्या औषध कायद्याखालचे नियम आहेत. डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नसेल तर त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध द्यायचं नाही.

मागून एक गृहस्थ तुमच्या खांद्यावरून हात पुढे करतात. डोळे तांबारलेले, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. चिठ्ठी जुनी, घडीवर फाटलेली, शिक्का आधीच बसलेला.

“शेठ, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. पूर्वी एका गोळीत भागायचं, आता नाही भागत.”

“नवी चिठ्ठी आणा.”

“अहो, ओळखीचा माणूस मी.”

“परवाच मुंबईला गुरुदत्त गेले, वाचलंत ना? झोपेच्या गोळ्या आणि वर दारू. नवी चिठ्ठी आणा.”

दुकानात सगळे गप्प. शेठ उगाच घाबरलेला नाही. झोपेची ही बार्बिट्युरेटं मेंदूला पेंगवतात, आणि श्वास चालवणारा भागही त्याच मेंदूत असतो. झोपेचा डोस आणि श्वास बंद पाडणारा डोस यांच्यात मुळात अंतर थोडं. सवय लागली की झोपेसाठी गोळ्या वाढत जातात, पण श्वासाला ती सवय तितकीशी होत नाही. उतारा नाही. गृहस्थ पुटपुटत बाहेर पडतात आणि चार दुकानं सोडून पाचव्यात शिरतात. दोन दुकानांच्या वह्या एकमेकींशी बोलत नाहीत, ही या नियमांची पंचाईत.

तेवढ्यात तुमच्याच पोटात उजवीकडे कळ उठते. (फुकटात १९६४ बघायला मिळेल असं वाटलं होतं काय?) अपेंडिक्स! टांग्यात घालून तुम्हाला एका दवाखान्यात आणतात. पाठीखाली गार मेणकापड, डोक्यावर भगभगीत दिवा, इथरच्या वासाने घसा खवखवतोय. उकळलेल्या काचेच्या सिरिंजमध्ये पिवळसर पाणी: बार्बिट्युरेटांच्याच खानदानातल्या पेंटोथालची पूड आत्ताच डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवलीय.

“आकडे म्हणा.”

एक. दोन. तीन. तोंडात अचानक लसणाची चव. घाबरू नका, खूप जणांना येते. भूल देणाऱ्या डॉक्टरांची बोटं तुमचा जबडा वर उचलून धरतात. श्वासाची वाट आता त्यांच्या हातात. चार. गुपितं बाहेर पडतील म्हणून ओठ आवळू नका, ते प्रकरण पुढचं. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसची लिलावातली यंत्रं मिळवून बनावट स्टॅम्पपेपर छापणाऱ्या तेलगीला २००३ मध्ये बेंगळुरूत याच गुंगीत बोलतं करतील, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालय बजावेल, संमतीशिवाय हे चालणार नाही. पाच. स...

उलटी. तसराळं कोणीतरी वेळेवर धरलंय. टाके ठणकतायत, जीभ टाळूला चिकटलीय, खिडकीबाहेर यात्रेतल्या पिपाण्या वाजतायत. पाणी मागून बघा हवं तर. सिस्टर ओला बोळा ओठांवरून फिरवेल आणि सांगेल, “पाणी उद्या.”