ओन्सेन ऱ्योकान

जपानमधील उष्णोदकाच्या झऱ्यांकाठी असलेली पारंपरिक अतिथिगृहे. ‘ओन्सेन’ म्हणजे ऊन पाण्याचा झरा व ‘ऱ्योकान’ म्हणजे प्रवाशांचे निवासगृह. जपानची बेटे ज्वालामुखीच्या पट्ट्यात येत असल्याने तेथे उष्णोदकाचे सु. २७,००० उद्‌गम आहेत. १९४८ च्या ओन्सेन अधिनियमानुसार उद्‌गमस्थानी किमान २५° से. तापमान असलेल्या किंवा विहित १९ द्रव्यांपैकी एखादे द्रव्य ठराविक प्रमाणात असलेल्या पाण्यास ही संज्ञा लावतात. आज अशा गृहातील मुक्काम हा विश्रांतीचा व चैनीचा प्रकार समजला जातो. तथापि त्यामागे देवाचे, मठाचे व गावाचे पाणी हळूहळू अतिथिगृहाच्या भिंतीआड कसे गेले, याचा दीर्घ इतिहास आहे. हे पाणी कोणाचे व त्यात उतरण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न त्या इतिहासात वारंवार उद्‌भवलेला दिसतो.

प्राचीन व मध्ययुगीन काल : निहोन शोकी (७२०) या इतिवृत्तात आरिमा, दोगो व मुरो (आजचे शिराहामा) येथील झऱ्यांवर सम्राटांनी केलेल्या मुक्कामांचे उल्लेख आढळतात. इझुमो प्रांताच्या वृत्तांतात (७३३) तामात्सुकुरी येथील झऱ्याचे वर्णन असून, तेथे स्त्रीपुरुष व आबालवृद्ध जमून जणू बाजारच भरत असे, असे त्यावरून दिसते. हे पाणी देवाचे मानले जाई व ते सर्वांना खुले होते. बौद्ध धर्माच्या प्रसाराबरोबर स्नान घडविणे हे पुण्यकर्म ठरले. मोठ्या मठांत स्नानगृहे बांधली गेली आणि अनेक झऱ्यांच्या शोधाचे श्रेय परंपरेने ग्योकी (६६८–७४९) यासारख्या भिक्षूंना दिले गेले. आरिमा येथे ११९१ मध्ये निन्साई या भिक्षूने स्नानार्थींसाठी बारा निवास उभारले, असे परंपरा सांगते. तेथील जुन्या अतिथिगृहांच्या नावांअखेरीस अजूनही भिक्षुनिवासाचा वाचक ‘बो’ हा शब्द आढळतो. यामानाशी जिल्ह्यातील केइउन्कान (७०५) व आवाझू येथील होशी (७१८) ही गृहे आपली स्थापना आठव्या शतकात झाल्याचे सांगतात. केइउन्कानची नोंद २०११ मध्ये जगातील सर्वांत जुने हॉटेल म्हणून गिनेस विक्रमग्रंथात झाली.

टोकुगावा कालखंड (१६०३–१८६८) : या काळात उष्णोदकस्नानास ‘तोजी’ म्हणजे जलोपचाराचे निश्चित स्वरूप आले. सात दिवसांचे एक आवर्तन व अशी तीन आवर्तने, म्हणजे एकवीस दिवसांचा मुक्काम, हा सर्वमान्य प्रघात होता. सामान्य प्रजेच्या प्रवासावर कडक निर्बंध असले, तरी तीर्थयात्रा व जलोपचार या दोन कारणांसाठी परवाना सहसा मिळे. कापणीनंतर शेतकरी तांदूळ बरोबर घेऊन येत, सरपणापुरते पैसे देऊन स्वतः रांधत व गावाच्या सामायिक कुंडात स्नान करीत. अतिथिगृहात निवारा मिळे. पाणी मात्र गावाचे असे. टोकुगावा इएयासूने १६०४ मध्ये आतामी येथे मुक्काम केला होता. पुढे तेथील पाणी पिंपांत भरून शोगुनांसाठी एडोस पाठविले जाऊ लागले. गोतो कोन्झान (१६५९–१७३३) या वैद्याने किनोसाकीच्या पाण्याचा पुरस्कार केला. सुमो मल्लांच्या क्रमवारीच्या धर्तीवर झऱ्यांच्या क्रमवाऱ्याही छापल्या जात. त्यांत पूर्वेस कुसात्सू व पश्चिमेस आरिमा यांना अग्रस्थान असे.

उपचाराचे रंजनात झालेले रूपांतर हाकोने येथील एका वादातून स्पष्ट होते. तोकाइदो महामार्गावरील अधिकृत पडावांनाच एका रात्रीचे प्रवासी ठेवण्याचा हक्क होता. पण युमोतो गावातील गृहे ‘एकरात्रीचा जलोपचार’ या नावाखाली वाटसरूंना ठेवून घेऊ लागली. ओदावारा व हाकोने या पडावांनी १८०५ मध्ये याविरुद्ध तक्रार केली. निर्णय मात्र युमोतोच्या बाजूने लागला. एकवीस दिवसांच्या मुक्कामाची जागा पुढे एका रात्रीच्या मुक्कामाने घेतली, तिची पूर्वचिन्हे येथे दिसतात.

मेजी काल व नंतर : १८७६ मध्ये जपानला आलेला जर्मन वैद्य एर्व्हिन फोन बेल्ट्स याने कुसात्सूच्या तीव्र अम्लधर्मी पाण्याचा अभ्यास करून त्याची ख्याती पसरविली. शासनाच्या गृहखात्याने १८८६ मध्ये देशातील खनिज झऱ्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पाश्चात्त्यांच्या टीकेमुळे स्त्रीपुरुषांच्या एकत्र स्नानावर बंदी घालण्यात आली. ती ग्रामीण भागात दीर्घकाळ नाममात्रच राहिली. लोहमार्गांनी शहरी प्रवासी आणले आणि बांबूच्या साहाय्याने खोल छिद्र पाडण्याच्या तंत्रामुळे बेप्पूसारख्या ठिकाणी खाजगी आवारातही ऊन पाणी काढता येऊ लागले. परिणामी अतिथिगृहाच्या आतील कुंड, म्हणजे ‘उचियु’, शक्य झाले.

त्यातूनच किनोसाकीचा सुप्रसिद्ध वाद उद्‌भवला. तेथे सर्व अतिथी गावातील सामायिक कुंडांत स्नान करीत व त्यांच्या येण्याजाण्यावर बाजारपेठ चाले. १९२५ च्या भूकंपात गाव उद्ध्वस्त झाल्यावर पुनर्रचनेच्या काळात एका अतिथिगृहाने आपल्या आवारातील पाणी आतील कुंडात वापरण्याचे ठरविले. गावकऱ्यांच्या मते झऱ्याचे पाणी सर्वांचे होते, तर गृहस्वामीच्या मते स्वतःच्या जमिनीतील पाणी त्याचे होते. १९२७ मध्ये सुरू झालेला हा दावा १९५० मध्ये तडजोडीने मिटला. आतील कुंडांना परवानगी मिळाली. परंतु त्यांच्या आकारावर मर्यादा घालून सामायिक कुंडांचे महत्त्व टिकविण्यात आले. आजही तेथील अतिथी सुती किमोनो व लाकडी खडावा घालून सामायिक कुंडांकडे जाताना दिसतात.

मुक्कामाचे स्वरूप : एक रात्र व दोन भोजने मिळून एकच आकार घेण्याची पद्धत रूढ आहे. अतिथी दुपारी येतो, प्रवेशद्वारी पादत्राणे काढतो व तातामी चटयांच्या खोलीत त्याला चहा दिला जातो. ‘युकाता’ हा सुती पोशाख घालून तो भोजनापूर्वी स्नानास जातो. कुंडाबाहेर बसून अंग स्वच्छ धुतल्यावरच पाण्यात उतरावयाचे असते. कुंड अंग धुण्यासाठी नसून शेकण्यासाठी असते व तेच पाणी सर्वांचे असते, हे या नियमाचे कारण होय. रात्रीचे अनेक पदार्थांचे भोजन परंपरेने खोलीतच वाढले जाते आणि नंतर तेथेच गाद्या अंथरल्या जातात. गृहाची सर्व व्यवस्था ‘ओकामी’ ही गृहस्वामिनी पाहते. या वातावरणाला साहित्यातही स्थान मिळाले आहे. शिगा नाओया याची किनोसाकीवरील कथा (१९१७) आणि युझावा येथील मुक्कामातून साकारलेली यासुनारी कावाबाता याची युकिगुनी ही कादंबरी ही त्याची उदाहरणे होत.

पाण्याचा अधिकार : आतिथ्याच्या या परंपरेला एक काळी बाजूही आहे. कुसात्सूचे पाणी त्वचारोगांवर गुणकारी मानले जाई, त्यामुळे तेथे कुष्ठरोगी मोठ्या संख्येने येत. गाव प्रतिष्ठित विश्रांतिस्थान होऊ लागताच १८८७ मध्ये त्यांना युनोसावा या वेगळ्या वस्तीत हलविण्यात आले. १९३२ मध्ये जवळच शासकीय आरोग्यधाम निघाले व १९४१-४२ मध्ये ती वस्तीही मोडण्यात आली. सक्तीच्या विलगीकरणाचा कायदा १९९६ मध्ये रद्द झाला आणि २००१ मध्ये कुमामोतो येथील न्यायालयाने शासनास दोषी ठरविले. असे असूनही २००३ मध्ये त्याच जिल्ह्यातील कुरोकावा येथील एका हॉटेलने पूर्णतः बऱ्या झालेल्या माजी रुग्णांना जागा नाकारली. हॉटेलविरुद्ध कारवाई झाली. पण निंदेची पत्रे आली ती आरोग्यधामातील वृद्धांना. विशेष म्हणजे कुरोकावा हेच गाव १९८६ पासून एका परवान्यावर तीन गृहांतील उघड्या कुंडांत स्नानाची मुभा देऊन, पाणी पुन्हा सामायिक करण्याबद्दल नावाजले गेले होते.

सद्यःस्थिती : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आर्थिक भरभराटीत मोठ्या सहली व मेजवान्यांसाठी काँक्रीटची प्रचंड गृहे उभी राहिली. त्यांची पाण्याची गरज झऱ्यांच्या कुवतीपलीकडे गेल्याने पाणी गाळून पुनःपुन्हा फिरविण्याची पद्धत रूढ झाली. २००४ मध्ये शिराहोने येथे पाण्याचा दुधी रंग टिकविण्यासाठी त्यात भुकटी मिसळली जात असल्याचे उघडकीस आले. तेव्हा मिश्रण, तापविणे व पुनर्वापर यांची माहिती अतिथींना देणे २००५ पासून बंधनकारक झाले. १९८० च्या सुमारास ऐंशी हजारांवर असलेली ऱ्योकानांची संख्या २०१७ पर्यंत चाळीस हजारांच्या खाली आली. २०१८ मध्ये हॉटेल व ऱ्योकान हा कायद्यातील भेदही नाहीसा झाला. वारस नसणे, मनुष्यबळाची टंचाई व बदललेल्या सवयी ही या ऱ्हासाची प्रमुख कारणे होत. परदेशी पर्यटकांमुळे काही गृहांना नवजीवन मिळाले आहे. तथापि ज्या गावांनी झरा ही सामायिक ठेव मानून जपली, त्यांचीच परंपरा अधिक सजीव राहिलेली दिसते.