डबा, बाटली आणि कायदा

पनवेल तालुका ज्या जिल्ह्यात मोडतो, त्या रायगड जिल्ह्यातल्या मुलांना हिरकणीची गोष्ट सांगावी लागत नाही. गडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले आणि दूध घालायला आलेली ही गवळण घरच्या तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेली. ही लोककथा आहे. पण दरवाजे बंद करण्याचा हुकूम सरकारी होता आणि बाळाची भूक त्या हुकुमाच्या हिशेबात नव्हती, हे आपण सहसा मुलांच्या लक्षात आणून देत नाही. महाराजांनी तिचा गौरव केला, आणि तिथे बुरूज बांधून ती वाट बंदही केली!

मुंबईच्या गिरण्यांत दरवाजाची जागा भोंग्याने घेतली. पाळीवर जाणाऱ्या बायका बाळ झोपून राहावे म्हणून त्याला अफू चाटवीत. त्यांना निवड होती असे म्हणणे कठीण आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. असा कायदा देशात पहिलाच.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाने वेगळेच वळण घेतले. बाळदुधाच्या पावडरीचे डबे परदेशांतून येत आणि त्यांवर परकीय चलन खर्च होई. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून अशी पावडर करण्याची पद्धत शोधली आणि आणंदच्या सहकारी डेअरीने ती बाजारात आणली. देशी विज्ञानाचे हे यशच होते. आई नसलेल्या बाळाला त्याचा उपयोगही होता. घोटाळा झाला तो विक्रीच्या रीतीत.

तो समजायला थोडे शरीरशास्त्र हवे. बाळ जितके चोखते, तितके दूध तयार होते. प्रसूतिगृहात फुकट मिळालेल्या डब्यावर बाळाचे आठ-दहा दिवस गेले, तर ते अंगावर कमी पिते आणि आईचे दूध आटू लागते. मग पुढचा डबा विकत आणावाच लागतो. तो महाग, म्हणून पावडर पातळ कालवली जाते. पाणी उकळलेले नसते, बाटली नीट धुतलेली नसते. त्यातून जुलाब आणि कुपोषण. शिवाय चिकातून मिळणारी प्रतिपिंडे गेली ती गेलीच. म्हणजे आईने आपखुशीने निवडलेला वाटणारा डबा तिची पुढची निवडच काढून घेत होता.

मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेत या विक्रीसाठी आचारसंहिता मताला टाकली गेली. बाजूने ११८ मते, विरोधात एकच, अमेरिकेचे. भारताने १९८३ मध्ये स्वतःची संहिता केली, पण ती मोडणाऱ्याला शिक्षा नव्हती. डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्याला या कामासाठी राष्ट्रीय जाळे उभे राहिले, १९९२ मध्ये संसदेने कायदा केला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला. जाहिराती, फुकट नमुने, डॉक्टरांना भेटी, खपावर कमिशन हे सगळे बंद झाले. डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापायचे नाही, आईचे दूध सर्वोत्तम हे मात्र छापायचेच. कोर्टात तक्रार करण्याचा अधिकार काही स्वयंसेवी संस्थांनाही मिळाला. त्यांत मुंबईची ‘अकॅश’ ही एक. २००३ मध्ये कायदा आणखी कडक झाला.

सरकार घरात शिरते, असा आक्षेप अशा कायद्यांवर घेतला जातो. वर्गात त्यावर जरूर चर्चा करावी, पण आधी कायदा वाचून. डबा विकत घेणाऱ्या आईला त्यात कोणतीही शिक्षा नाही. बंधने आहेत ती विकणाऱ्यावर आणि त्याच्या भेटी घेणाऱ्यावर.

माझ्या मते खरी उणीव दुसरीकडेच आहे. १९६१ च्या कायद्याने कामावरच्या आईला बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या दिल्या, २०१७ मध्ये पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. एसटी स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ही आले. वीटभट्टीवर विटांच्या नगावर मजुरी घेणारी बाई मात्र बाळाला पाजायला बसली, की तेवढ्या विटा कमी भरतात.