तिलिस्मातला जासूस

उर्दू जासूसी कादंबरीचा इतिहास सांगायची वेळ आली की आपले अभ्यासक सहसा लंडनपासून सुरुवात करतात. शेरलॉक होम्स आला, पाठोपाठ फ्रान्समधून आर्सेन ल्युपँ आला, त्यांची भाषांतरे झाली आणि मग इब्ने सफी अवतरले, असा तो क्रम. यात खोटे काही नाही. तीरथराम फिरोजपुरींनी इंग्रजी रहस्यकथांचे ढीगच्या ढीग उर्दूत आणले आणि जफर उमर या पोलीस अधिकाऱ्याची ‘नीली छतरी’ ल्युपँच्या कथेवरच उभी आहे. परंतु ही झाली अर्धी वंशावळ. उरलेली अर्धी लखनौच्या दास्तानीत आहे, आणि तिथे जासूसाचा मुकाबला चोर-दरोडेखोरांशी नसून जादूगारांशी आहे.

मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्मे होशरुबा’ छापायला घेतली. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे, पुढचे अहमद हुसेन कमर यांचे. अमीर हमजाच्या दास्तानीचा हा एक भाग. सगळी दास्तान मिळून ४६ खंड होतात. होशरुबा ही अफरासियाब नावाच्या जादूगार बादशहाची मायानगरी. तिथे हमजाच्या बाजूने खरी लढाई लढतो तो अमर अय्यार. हा अमर म्हणजे लोभी, चिक्कू, चलाख इसम. वेषांतर करावे, बेहोशीची दवा पाजावी, जादूगाराचा गळा कापावा आणि जाताजाता त्याचे कपडेही उतरवून आपल्या झंबीलमध्ये, म्हणजे त्या अथांग थैलीत, टाकावेत, ही त्याची कामाची पद्धत. शूर सरदारांपेक्षा श्रोत्यांचा जीव याच्यावर अधिक.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अमर स्वतः जादू करीत नाही. सिहर त्याला निषिद्ध. त्याच्याजवळ बुजुर्गांनी बख्शलेल्या चार अजब वस्तू आहेत, बाकी सगळा अक्कलहुशारीचा कारभार. शिवाय तिलिस्मालाही कायदा असतो. तो कसा तोडायचा हे एका ‘लौह’वर, म्हणजे पाटीवर, लिहिलेले असते आणि ती पाटी नीट वाचणाराच आत शिरून बाहेर येतो. सुगावा सुगावा म्हणतात तो आणखी काय असतो? दास्तानीत जादूगार मेला की वादळ उठते, अंधार पडतो आणि मला मारले, माझे नाव अमुक होते, अशी आरोळी ऐकू येते. मढे स्वतःच आपली ओळख पटवून देते! पोलिसांचे केवढे काम वाचले असते.

दिल्लीचे अखेरचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले. त्याच वर्षी अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावी असरार अहमद जन्मले, तेच पुढचे इब्ने सफी. लहानपणीच होशरुबाचे खंड हाती लागले आणि आपण त्यात बुडून गेलो, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. योगायोगाला फार अर्थ देऊ नये, तरी हा मला सोडवत नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत जासूसाचा एक नवा अवतार घडत होता. पैशांसाठी काम करणारा, निबर मनाचा, पोलीस आणि श्रीमंत या दोघांवरही विश्वास नसलेला खाजगी गुप्तहेर. त्याला घडवणाऱ्यांतला डॅशिएल हॅमेट हा स्वतः पिंकर्टन एजन्सीत नोकरी केलेला माणूस. १९२९ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘द डेन कर्स’ या कादंबरीत त्याने या गुप्तहेराला एका शापित घराण्याच्या आणि एका ढोंगी पंथाच्या मंदिराच्या वाटेला लावले. तिथे तो अंधारात चक्क भुताशी झोंबतो. नंतर कळते की खोलीत नळीतून गुंगीचा वायू सोडला जात होता. शापही घराण्याचा नव्हेच. त्याच्या आडून एक माणूस खून करीत होता.

इब्ने सफींचे मार्च १९५२ मध्ये अलाहाबादेत ‘जासूसी दुनिया’ सुरू झाले. इन्स्पेक्टर फरीदी आणि त्याचा मिश्कील साथीदार हमीद घरोघर पोचले. त्याच वर्षी लेखक कराचीला गेले, पण पुस्तके सीमेच्या दोन्ही बाजूंना निघत राहिली. हिंदीत येताना फरीदीचा विनोद झाला आणि इमरानचा राजेश. नावे बदलल्याने वाचक वाढले हे खरे, पण त्या बदलात काय गृहीत धरले होते हेही आपल्याला समजते.

इमरानची पहिली कादंबरी ‘खौफनाक इमारत’ १९५५ ची. ओसाड इमारत, आत एक कबर आणि तिथे सापडणारी प्रेते. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, आणि इमरान मात्र मूर्खासारखी बडबड करीत फिरतो. ही मूर्खपणाची झूल म्हणजे अमरचेच वेषांतर. शेवटी कबरीमागे माणूसच निघतो. पुढे याच लेखकाने ‘झीरो लँड’ निर्माण केली. नकाशावर नसलेला, विज्ञानाच्या जोरावर जगाला वेठीस धरणाऱ्या गुन्हेगारांचा मुलूख. मला तरी ही सरळसरळ होशरुबा वाटते. फक्त मंत्रांच्या जागी यंत्रे आली.

मुसलमान लेखकापुढे इथे जो पेच होता तो हॅमेटपुढे नव्हता. कुरआनात जिन्नांच्या नावाची एक अख्खी सूरह आहे. जिन्न ही आपल्यासाठी केवळ आजीची गोष्ट नाही, ती श्रद्धेची बाब आहे. मग जिन्न नसतातच असे जासूसाने कसे म्हणावे? उर्दू जासूसाने हा पेच फार शहाणपणाने सोडवला. जिन्न आहेत की नाहीत हा त्याचा विषयच नाही. हा खून जिन्नाने केलेला नाही, एवढेच तो सिद्ध करतो. अंगात आलेली सून, पिछाडलेले घर, हाजरी भरवणारा बाबा, यांच्या गोष्टी ज्यांनी आपल्या मोहल्ल्यात पाहिल्या आहेत त्यांना या फरकाचे मोल सांगायला नको. जिन्नाच्या माथी मारले की मारणारा हात मोकळा सुटतो. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याचीही रचना अशीच आहे. तो कुणाच्या श्रद्धेची चौकशी करीत नाही, कृत्याची करतो.

मुंबईच्या पडद्यानेही हाच मार्ग धरला. कमाल अमरोहींच्या ‘महल’मध्ये (१९४९) झोपाळ्यावरची सावली अखेर माळ्याची मुलगी निघते. ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि ‘वो कौन थी’ (१९६४) यांतही भुताआड माणसाचाच हेतू असतो. मराठीत मात्र दोन फळ्या वेगळ्या राहिल्या. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार गुन्हेगारांमागे आणि नारायण धारपांचा समर्थ अमानवी शक्तींसमोर. धारपांकडे सैतानी शक्ती खरीच असते, आणि म्हणूनच त्यांच्या कथेत भीती वाटते पण कोर्ट भरत नाही.

भूतही खरे आणि गुन्हेगारही माणूसच, असे होऊ शकते का? विल्यम यॉर्ट्सबर्गने ‘फॉलिंग एंजल’ (१९७८) मध्ये ते करून दाखवले. १९५९ चे न्यूयॉर्क. हॅरी एंजल या गुप्तहेराला एक धनिक एका हरवलेल्या गायकाचा शोध घ्यायला सांगतो. तो ज्याला भेटतो त्याचा मुडदा पडत जातो. शेवटी कळते की अशील साक्षात इब्लीस आहे आणि तो गायक म्हणजे हॅरी स्वतःच. सौदा मोडून पळालेला आणि स्वतःलाच विसरलेला. इब्लीस फक्त वसुलीला आला आहे. अॅलन पार्करने १९८७ मध्ये यावर ‘एंजल हार्ट’ हा चित्रपट काढला. सैतान खरा असूनही इथे हॅरीची सुटका होत नाही. आपल्या अकीद्याप्रमाणेही इब्लीस वसवसा घालू शकतो, हात धरून सुरी चालवत नाही. मग अशी कादंबरी उर्दूत किंवा आपल्या मराठीत आधी का लिहिली गेली नसावी, हा प्रश्न मला छळतो. कदाचित भोंदू बाबांचा हिशेब आधी चुकता करणे निकडीचे होते.

होशरुबा आणि फरीदी यांचे नाते ओळखणारा एक मोठा वाचक आपल्याला लाभला होता. शम्सुर्रहमान फारूकींनी दास्तानीचे विखुरलेले ४६ खंड जमवले, त्यांवर आयुष्याची कैक वर्षे घालवली आणि २००५ मध्ये महमूद फारूकी यांच्या साथीने दास्तानगोई पुन्हा बैठकीवर आणली. त्याच फारूकींनी पुढे ‘जासूसी दुनिया’तल्या चार कादंबऱ्या इंग्रजीत नेल्या. चेन्नईच्या एका प्रकाशकाने २०११ साली त्या छापल्या. मुखपृष्ठे भडक, अगदी रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर शोभावीत अशी.