डॉजर्सची दुसरी फळी

फेब्रुवारीच्या मध्यावर अमेरिकेतील बेसबॉल संघांचे पिचर आणि कॅचर इतर खेळाडूंच्या आधी सरावशिबिरांत दाखल होतात, आणि त्याच सुमारास माझ्यासारख्या लॉस एंजेलिस डॉजर्सच्या चाहत्यांचा एक जुना उद्योग सुरू होतो. पिचरांची नावे एकाखाली एक लिहून काढायची. ज्यांच्या कोपरावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह, आणि ज्यांच्या खांद्याविषयी कुजबुज आहे त्यांच्यापुढे अर्धे प्रश्नचिन्ह काढायचे. मग उरलेल्या नावांवर १६२ सामन्यांचा हंगाम निभावेल काय, याचा हिशेब मांडायचा. या हिशेबाला तिकडे ‘पिचिंग डेप्थ’ म्हणतात. राजकारणामुळे आपल्या परिचयाचा झालेला ‘दुसरी फळी’ हा शब्द मला त्यासाठी अधिक जवळचा वाटतो.

क्रिकेटवर पोसलेल्या मराठी वाचकासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. क्रिकेटचा गोलंदाज षटक संपले की विसावा घेतो आणि पुन्हा परततो. बेसबॉलच्या पिचरला एकदा मैदानाबाहेर काढले की त्या सामन्यापुरता त्याचा संबंध संपतो. शिवाय गोलंदाजाला जे कोपर सरळ करण्याची नियमाने मनाई आहे, तेच कोपर पिचर प्रत्येक चेंडूला वाकवून झटक्याने सोडतो. तो सारा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका लहानशा अस्थिबंधावर येतो. सुरुवात करणाऱ्या पाच पिचरांनी आळीपाळीने खेळावे व त्यांच्यामागे बुलपेनमध्ये सातआठ जण सज्ज असावेत, ही आजची रचना त्या अस्थिबंधाच्या धाकातून घडली आहे. परंतु हा धाक संघांना सुरुवातीपासून होता असे समजण्याचे कारण नाही. तो प्रथम ज्यांचे हात गेले त्यांना कळला.

१९६६ च्या वसंतात डॉजर्सच्या शिबिरात दोन माणसे आलीच नाहीत. सँडी कोफॅक्स आणि डॉन ड्रिस्डेल. आदल्याच वर्षी या दोघांच्या बळावर संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली होती. अखेरचा सातवा सामना कोफॅक्सने केवळ दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर, एकही धाव न देता जिंकून दिला होता. आता दोघांनी मिळून तीन वर्षांसाठी दहा लक्ष डॉलर मागितले. त्या काळी खेळाडूला दुसऱ्या संघाकडे जाण्याची मुभा नव्हती. एकतर मालक देईल ते घ्यावे, नाहीतर घरी बसावे. ते घरी बसले. मार्चच्या अखेरीस तडजोड झाली तेव्हा कोफॅक्सला १,२५,००० आणि ड्रिस्डेलला १,१०,००० डॉलर मिळाले. दुसरी फळी नसणे हे खेळाडूचे एकमेव शस्त्र असू शकते, ही गोष्ट आपण चाहते सोयीस्करपणे विसरतो. ज्या संघाकडे तुमच्या जागी उभा करायला सहा जण तयार आहेत, त्याच्याशी घासाघीस कशी करणार?

त्या हंगामाचे आकडे आज वाचताना दचकायला होते. १६२ पैकी १५४ सामन्यांची सुरुवात चौघांनी केली: कोफॅक्स ४१, ड्रिस्डेल ४०, क्लॉड ऑस्टीन ३८ आणि नवखा डॉन सटन ३५. कोफॅक्सने ३२३ डाव टाकले (बेसबॉलचा सामना नऊ डावांचा असतो), २७ सामने जिंकले, आणि त्यातही २७ सामने सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकट्याने पूर्ण केले. ही कामगिरी करणाऱ्या हाताची अवस्था काय होती? १९६५ च्या वसंतात एका सराव सामन्यानंतरच्या सकाळी तो उठला तेव्हा डावा हात आतल्या रक्तस्रावाने काळानिळा पडला होता. कोपरात संधिवात जडल्याचे निदान झालेलेच होते. पुढची दोन वर्षे कॉर्टिसोनची इंजेक्शने, सामन्याआधी अंगाची लाही करणारे मलम, सामन्यानंतर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले कोपर, आणि घोड्यांनाही देतात ते दाहशामक औषध, एवढ्यावर तो उभा होता. नोव्हेंबर १९६६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, कीर्तीच्या शिखरावर असताना त्याने निवृत्ती जाहीर केली. खेळ संपल्यानंतरही बरेच आयुष्य उरते आणि ते धडधाकट शरीराने जगण्याची इच्छा आहे, असे कारण त्याने दिले.

पुढच्या हंगामात ९५ विजयांचा तोच संघ ७३ वर उतरला आणि आठव्या क्रमांकावर गेला. याला केवळ कोफॅक्सची अनुपस्थिती कारणीभूत नव्हती, हे खरे. मॉरी विल्ससारखा खेळाडूही त्याच हिवाळ्यात दुसरीकडे पाठवला गेला होता. तरीही एक हात वजा झाला की संघाचे काय उरते, हे त्या वर्षी दिसले.

आठ वर्षांनी याच संघातील टॉमी जॉनचे कोपर गेले. जुलै १९७४ मध्ये, १३ विजय आणि ३ पराभव अशा ऐन बहरात, चेंडू टाकतानाच अस्थिबंध तुटला. संघाचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी सप्टेंबरात उजव्या हाताच्या मनगटाजवळची कंडरा काढून डाव्या कोपरात बसवली. यशाची शक्यता त्यांच्या मते शंभरात एक होती. जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. ती शस्त्रक्रिया आज त्याच्या नावाने ओळखली जाते. गंमत अशी (गंमत म्हणावे की नाही, कोण जाणे) की त्याच १९७४ साली त्याच संघाच्या माइक मार्शलला बुलपेनमधून १०६ सामन्यांत मैदानात उतरवले गेले. तो विक्रम अद्याप अबाधित आहे. एका हाताची डागडुजी आणि दुसऱ्याची उधळपट्टी शेजारीशेजारी चालली होती.

दुसऱ्या फळीची सुखद कथाही याच संघाकडे आहे. एप्रिल १९८१ मध्ये सलामीच्या सामन्याच्या आदल्या दिवशी जेरी रॉइसची पोटरी दुखावली. बर्ट हूटनही सज्ज नव्हता. सोनोराच्या एका खेड्यातून आलेल्या वीस वर्षांच्या फर्नांडो व्हॅलेन्झुएलाच्या हाती चेंडू दिला गेला. त्याने तोवर एकाही सामन्याची सुरुवात केली नव्हती. ह्यूस्टनविरुद्धचा तो सामना त्याने २-० असा एकट्याने पूर्ण केला, पहिले आठही सामने जिंकले, आणि लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांनी या संघाला प्रथमच मनापासून आपले म्हटले. पण पुढे काय झाले? तिसऱ्या पसंतीचा हा पोरगा पहिल्या पसंतीचा ठरताच १९८२ पासून सलग सहा हंगाम अडीचशेहून अधिक डाव त्याच्याकडून काढून घेतले गेले. १९८८ मध्ये संघ पुन्हा विजेता झाला तेव्हा खांद्याच्या दुखण्यामुळे तो बाहेर बसला होता. १९९१ च्या वसंतात, हंगामाच्या तोंडावर, त्याला संघातून मोकळे करण्यात आले. वसंतातील याद्यांमधून नावे खोडलीही जातात.

आता फळ्या वाढल्या आहेत, पण त्यामुळे हात वाचले असे म्हणवत नाही. पिचरांच्या दुखापतींवर मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा रोख चेंडूच्या वाढत्या वेगाकडे आणि प्रत्येक चेंडूला सर्वस्व ओतण्याच्या वृत्तीकडे आहे. मागे माणसे तयार आहेत म्हणून पुढच्याने राखून टाकण्याची गरज उरत नाही. तो मोडला की मागचा पुढे येतो. जोब यांच्या शस्त्रक्रियेने कोफॅक्ससारख्यांचा अंत टाळला, पण मोडणे हा कारकिर्दीतला एक ठरलेला टप्पाही करून टाकला. शोहेइ ओहतानीचे कोपर दोनदा दुरुस्त झाले. वॉकर ब्यूलरचेही दोनदा. आणि ३० ऑक्टोबर २०२४ रोजी अजिंक्यपदाचा शेवटचा डाव टाकायला तोच आला, अवघ्या दोन दिवसांपूर्वी सामन्याची सुरुवात करून. माझ्या कागदावरची प्रश्नचिन्हे म्हणजे माणसांच्या शरीरावरचे टाके आहेत, हे मला उशिरा उमगले.

२७ ऑक्टोबर २०२५ रोजी टोरांटोविरुद्धचा वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना अठरा डाव चालला. बुलपेन रिकामे झाले. शेवटी विल क्लाइन उरला. आधीच्या फेऱ्यांत त्याचे नाव संघाच्या यादीतही नव्हते. त्याने ७२ चेंडूंत चार डाव एकही धाव न देता काढले. तो थकला असता तर दोनच दिवसांपूर्वी १०५ चेंडू टाकून पूर्ण सामना खेळलेला योशिनोबू यामामोतो उतरणार होता; तो हात गरम करू लागलाही होता. पाच दिवसांनी सातव्या सामन्यात, आदल्या रात्री ९६ चेंडू टाकल्यावर, तो खरोखरच उतरला आणि अकराव्या डावात संघाला अजिंक्यपद मिळाले. एवढी मोठी फळी उभारून अखेरीस भार पुन्हा एकाच हातावर, १९६५ सारखाच.

अठरा डावांच्या त्या सामन्याला एकोणनव्वद वर्षांचा कोफॅक्स हजर होता. सामना संपल्यावर तो खेळाडूंच्या खोलीत आला आणि त्याने क्लाइनचा हात हातात घेतला.