डोनाल्ड इंगबर : चिपवर श्वास घेणारं फुप्फुस

डोनाल्ड इंगबर हे हार्वर्ड विद्यापीठात जैवअभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि तिथल्या विस इन्स्टिट्यूटचे संस्थापक संचालक. 'ऑर्गन ऑन अ चिप', म्हणजे चिपवरचा अवयव, या तंत्रामुळे ते ओळखले जातात.

१९७० च्या दशकात येल विद्यापीठात शिकताना शिल्पकलेच्या वर्गात त्यांना ताणलेल्या दोऱ्यांवर तोललेली काठ्यांची रचना दिसली. पेशीही अशीच ताणावर उभी असणार, असं त्यांना वाटलं. पेशी म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, असं समजण्याचा तो काळ!

२०१० मध्ये त्यांच्या गटाने पेनड्राइव्हएवढ्या पारदर्शक, लवचीक चिपवर फुप्फुस उभं केलं. आत अतिशय बारीक मार्ग आणि मध्ये सच्छिद्र पडदा. पडद्याच्या एका बाजूला माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी आणि हवा, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी आणि वाहता पोषक द्रव. कडेच्या पोकळ्यांतली हवा ओढली-सोडली की पडदा ताणतो, सैल होतो. हाच त्याचा श्वास.

हा श्वास किती महत्त्वाचा, ते २०१२ मध्ये दिसलं. इंटरल्यूकिन-२ या कर्करोगावरच्या औषधाने काही रुग्णांच्या फुप्फुसात पाणी साचतं. चिपमध्येही तसंच झालं, आणि श्वासाची हालचाल सुरू असताना गळती आणखी वाढली. स्थिर बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये हे कळलंच नसतं.

इंगबर यांनी स्थापन केलेल्या एम्युलेट कंपनीच्या ८७० यकृत-चिप्सवर २७ औषधं तपासल्याचा अभ्यास २०२२ मध्ये आला. यकृताला घातक औषधांपैकी ८७ टक्के त्यात पकडली गेली. अभ्यास कंपनीचाच होता, हे मात्र ध्यानात ठेवावं. त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेने नव्या औषधांसाठी प्राण्यांवरील चाचणीची कायदेशीर सक्ती काढली.